नळी नुसती नळी, नाक वेगळंच

मागच्या वेळी मी या सदरात नॅनोबद्दल सहज एक ओळ लिहिली आणि प्रश्नांचा ढीगच आला. बघितलं तर पाचातले चार फिरून फिरून पेप्टाइडच्या त्या बारीक नळ्यांपाशीच येतात, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. वॉटर फिल्टरवाले पुढच्या वेळी, रागावू नका.

प्रश्न (एक आई, लोकमान्य नगर, इंदूर): माझी मुलगी एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पेप्टाइडच्या नॅनो नळ्या बनवते, त्यावर पुढे सेन्सर करायचाय म्हणते. परवा जेवताना बोलून गेली की ह्या नळ्या अल्झायमरच्या प्रोटीनच्या तुकड्यापासून बनतात. माझ्या सासूबाई सहा वर्षं त्या आजारात होत्या, शेवटी शेवटी मलाच विचारायच्या, बाई तुम्ही कोणाकडच्या? तेव्हापासून मला झोप नाही. हे रोज हाताळून पोरीला काही होणार नाही ना?

उत्तर: ताई, आधी उत्तर घ्या आणि आज रात्री झोपा: त्या तुकड्याने तिला अल्झायमर होणार नाही. आता कारण सांगते.

अल्झायमरमध्ये मेंदूतल्या पेशींच्या बाहेर जे डाग साठतात ते बीटा-ॲमिलॉइड नावाच्या पेप्टाइडचे. पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचीच पण लहान माळ, आणि मणी म्हणजे अमिनो ॲसिड. ह्या माळेत साधारण 40 नाहीतर 42 मणी असतात आणि त्यातला 19 वा आणि 20 वा मणी एकाच जातीचा, फेनिलॲलनिन. आपण त्याला नुसतं 'फे' म्हणू, नाहीतर अर्धं सदर त्या नावातच संपेल. तेल अवीव विद्यापीठात एहूद गाझित आणि त्यांची विद्यार्थिनी मेइटल रेचेस यांना हे शोधायचं होतं की ह्या माळा एकमेकींना चिकटतात त्या नेमक्या कुठल्या मण्यांमुळे, आणि शोधत शोधत ते ह्या दोन फेंपाशी आले. मग बाकीची माळ बाजूला ठेवून फक्त फे-फे घेतलं, पाण्यात सोडलं, तर नुसत्या दोन मण्यांनी नळ्या उभ्या केल्या, आतून पोकळ, ताठ, डोळ्यांना न दिसणाऱ्या. 2003 साली हे 'सायन्स' या संशोधन पत्रिकेत छापून आलं आणि तेव्हापासून जगभरच्या लॅबमधली पोरं फे-फे पाण्यात सोडताहेत, त्यातली एक तुमची.

म्हणजे तिच्या बाटलीत आहेत ते चाळीसातले दोन मणी. असे दोन फे शेजारी शेजारी असलेली प्रोटीनं निसर्गात ढिगाने आहेत. आपण डाळ खाल्ली, दूध प्यालो, पनीर खाल्लं की पचताना पोटात दोन-दोन तीन-तीन मण्यांचे तुकडे रोजच पडतात आणि आतड्यातली एन्झाइम, म्हणजे असली कामं करणारी प्रोटीनं, त्यांना सुटे करून टाकतात. पेप्टाइड हे नावसुद्धा मुळात 'पचलेलं' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. मेंदूतले डाग हे शरीराच्या आतल्या आत, वर्षानुवर्षं साठत गेलेलं प्रकरण आहे, ते काही सर्दीसारखं पावडरीवरून उडून येत नाही. (आणि ॲमिलॉइड हे नाव ऐकून दचकू नका. 1854 मध्ये फिर्खो नावाच्या जर्मन डॉक्टरांनी शरीरात साठलेल्या अशाच एका पदार्थावर आयोडीन टाकलं, बटाट्यावर टाकल्यासारखा रंग आला, म्हणून त्यांना वाटलं हा स्टार्च आहे. निघालं प्रोटीन, नाव मात्र 'स्टार्चसारखं' तेच राहिलं.)

पण ताई, तुम्ही भिताय ती चुकीची बाटली. फे-फे सरळ पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी ते हेक्साफ्लुरोआयसोप्रोपेनॉल नावाच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवतात, एका मिलीत 100 मिलिग्रॅम, आणि मग त्याचा थेंब पाण्यात टाकून 2 मिलिग्रॅमपर्यंत पातळ करतात, की झाल्या नळ्या तयार. भीती बाळगायची तर ह्या सॉल्व्हंटची. दिसायला पाण्यासारखं, पण कातडी भाजतं, डोळ्यात गेलं तर डोळ्याची वाट लावतं, आणि 60 डिग्रीच्या आतच उकळतं, म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यात झाकण उघडं राहिलं तर वाफ थेट नाकात. पोरीला अल्झायमरचं काही विचारू नका, एवढंच विचारा: फ्यूम हूडचा, म्हणजे वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा, पंखा चालू असतो का, गॉगल घालतेस का, आणि चष्मा म्हणजे गॉगल नव्हे हे माहितीय का?

मी स्वतः एमएस्सीला असताना मनगटावर फिनॉल सांडून घेतलं होतं. मजा म्हणजे दुखलंच नाही, कारण फिनॉल आधी ती जागा बधिर करतं, नुसता पांढरा डाग पडला आणि मी मूर्खासारखी टायट्रेशन पूर्ण करत बसले. संध्याकाळी घरी बांगड्या काढताना कातडी बरोबर निघून आली. आईने जी शिवी दिली ती इथे छापता येणार नाही.

प्रश्न (निवृत्त बँकवाले काका, अन्नपूर्णा रोड, इंदूर): रोज शुगर मोजतो. पेपरात वाचलं की नॅनो बायोसेन्सर येताहेत, मग बोट टोचायचं कामच नाही. नवीन मीटर घेणार होतो, थांबू का? आणि हो, परवा सकाळी पोहे-जलेबी खाऊन दोन तासांनी मोजलं तर 211 आलं, घाबरून पाच मिनिटांनी दुसऱ्या हाताच्या बोटावर मोजलं तर 148. मीटर गेलंय का?

उत्तर: मीटर ठीक आहे, तुमचं बोट गोड होतं. खरंच सांगते, हसू नका. जलेबी ज्या हाताने खाल्ली त्या बोटाला पाक लागलेला, तुम्ही रुमालाला पुसलं असणार, धुतलं नसणार. रक्ताचा थेंब केवढा, त्यात बोटावरचा पाक किंचित जरी मिसळला तरी आकडा उडी मारतो. आंबा कापून मोजणाऱ्यांचंही हेच होतं. साध्या पाण्याने हात धुवायचे, कोरडे करायचे, मग टोचायचं. आणि पट्ट्यांच्या डबीचं झाकण घट्ट लावायचं, पट्ट्या दुसऱ्या डबीत काढून ठेवायच्या नाहीत, कारण पट्टीवर जे एन्झाइम बसवलेलं असतं ते दमट हवेत खराब होतं, म्हणून तर डबीत ओल शोषून घ्यायची सोय करून दिलेली असते.

आता नॅनोचं. कुठल्याही बायोसेन्सरमध्ये दोन कामं असतात, एक वास घेणारं नाक आणि दुसरं, नाकाला काय कळलं ते आकड्यात सांगणारं यंत्र. शुगरच्या बाबतीत नाक म्हणजे ग्लुकोज ऑक्सिडेजसारखं एन्झाइम. ते रक्तातली बाकी सगळी गर्दी सोडून फक्त ग्लुकोजला धरतं, ऑक्सिजनच्या मदतीने त्याचं रूपांतर करतं, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि ते इलेक्ट्रोडवर, म्हणजे विजेच्या टोकावर, मोजलं की करंट मिळतो, जेवढी साखर तेवढा करंट. एन्झाइम आणि इलेक्ट्रोडची ही जोडी लेलँड क्लार्क आणि लायन्स यांनी 1962 मध्ये मांडली. तुमच्या पट्टीत ऑक्सिजनच्या जागी दुसरा निरोप्या ठेवलेला असतो, एन्झाइमकडून इलेक्ट्रॉन घ्यायचे आणि इलेक्ट्रोडला नेऊन द्यायचे एवढंच त्याचं काम, पण गोष्ट तीच.

ह्यात पेप्टाइडची नळी कुठे बसते? ती नाकही नाही आणि यंत्रही नाही. सपाट मैदानावर सतरंज्या टाकल्या तर किती माणसं बसतील आणि त्याच जागेवर होळकर स्टेडियमसारख्या पायऱ्या बांधल्या तर किती बसतील, तो फरक म्हणजे नळी. इलेक्ट्रोडवर नळ्यांचं जंगल उभं केलं की एन्झाइमला बसायला जागा वाढते, म्हणून करंट वाढतो, म्हणून कमी साखरसुद्धा पकडता येते. गाझित यांच्याच गटाने 2005 मध्ये अशा नळ्यांच्या इलेक्ट्रोडवर एन्झाइम बसवून ग्लुकोज आणि अल्कोहोल मोजून दाखवलं. बरेच लोक लिहितात की नळी वीज वाहून नेते, तर तसं नाही, फे-फेची नळी विजेच्या बाबतीत जवळजवळ लाकडाच्या जातीची आहे, जास्तीचं श्रेय वाढलेल्या जागेलाच द्यावं लागतं.

तेव्हा बोट टोचण्याचा आणि नळीचा काहीही संबंध नाही. नाकापर्यंत ग्लुकोज पोचायला हवं, मग ते रक्तातून येवो की कातडीखालच्या पाण्यातून. दंडावर चिकटवायचे जे सेन्सर मिळतात त्यांचाही एक बारीक तंतू कातडीच्या आत असतोच, आणि त्यावरही एन्झाइमच. डॉक्टरांनी म्हटलं तर तो घ्या, नाहीतर साधं मीटर घ्या, नळीसाठी थांबू नका. आणि जलेबी… जाऊ दे, मी डॉक्टर नाही.

प्रश्न (सोन्याचांदीचं काम करणारे एक भाऊ, सराफा, इंदूर): पोरगा म्हणतो कोविडच्या किटमध्ये जी लाल रेघ यायची ती सोन्याची. खरं का? मग वापरलेली किट गोळा करून सोनं गाळता येईल का? दुसरं, तोच सांगतो की ह्या पेप्टाइडच्या नळीत चांदी ओतून तार काढतात. एवढी बारीक तार ओढायची कशी?

उत्तर: पोरगा हुशार आहे, दुकानात बसवू नका, शिकू द्या. हो, बहुतेक किटमधली लाल रेघ सोन्याचीच, प्रेग्नन्सी टेस्टमधलीही. सोनं खूप बारीक केलं, म्हणजे कण 20 ते 40 नॅनोमीटरचे झाले (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), की ते पिवळं राहत नाही, लाल दिसतं. मायकेल फॅरेडे यांनी 1857 मध्येच हे लाल सोनं करून ठेवलं होतं. किटमध्ये ह्या कणांवर अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक गोष्टीलाच धरणारं प्रोटीन, बसवलेली असते, ती नाक, आणि सोनं म्हणजे नुसता रंग, कुठे चिकटलं ते डोळ्यांना दिसावं म्हणून. गाळण्याचं म्हणाल तर एका पट्टीत सोनं मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं, तुमच्या दुकानाच्या झाडलोटीतून संध्याकाळी याहून जास्त निघत असेल. तेजाबाचा खर्चही वसूल होणार नाही.

तारेचं मात्र तुमच्या कामाशी नातं आहे. तुम्ही भोकांच्या पट्टीतून तार ओढत ओढत बारीक करता, मोठ्याकडून लहानाकडे. इथे उलटं, मेणाच्या साच्यात दागिना ओततात तसं. पोकळ नळीत चांदीचे आयन, म्हणजे पाण्यात विरघळलेले भारवाले कण, शिरू द्यायचे, आतल्या आत त्यांची धातूची चांदी करायची, आणि मग साचा फोडायचा. साचा फोडायला हातोडी नाही, प्रोटीन खाणारं एन्झाइम टाकलं, त्याने नळी खाऊन टाकली आणि उरली साधारण 20 नॅनोमीटर जाडीची चांदीची तार. केस 80,000 नॅनोमीटरच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. हे त्याच 2003 च्या कामात केलेलं आहे.

एक गोष्ट तुम्हालाही पाठ असेल, चांदी गंधकाने काळी पडते. सोनं काळं पडत नाही हे खरं, पण गंधकाला ते धरून ठेवतं, घट्ट. सेन्सरवाले नेमका ह्याचाच फायदा घेतात, नळीच्या अंगाला गंधकवाले शेंडे लावतात आणि सोन्याच्या इलेक्ट्रोडवर सोडतात, मग ती सहज धुऊन जात नाही. ना डिंक, ना सोल्डरचा डाग.

प्रश्न (नववीतला एक विद्यार्थी, मल्हारगंज, इंदूर): नळी आपोआप बनते म्हणजे काय? कोणी ढकलत नाही तर तिला कसं कळतं की नळी बनायचंय? गोळा का नाही बनत?

उत्तर: अरे वा, सगळ्यात चांगला प्रश्न तुझा. शेव कशी पाडतात बघितलंयस ना, झाऱ्यावर पीठ रगडलं की भोकाच्या आकाराची शेव कढईत पडते. तिथे आकार झाऱ्यात असतो, पिठात नसतो. आता खडीसाखर आठव, पाकात दोरा सोडून ठेवला की दोऱ्यावर चौकोनी खडे आपोआप धरतात, तिथे झारा कुठेय? आकार साखरेच्या कणातच लपलेला असतो, शेजारी शेजारी बसायची त्यांची एकच सोयीची पद्धत असते म्हणून. फे-फेचं असंच. फेच्या अंगावर एक बेन्झिनचं कडं असतं, त्याला पाणी आवडत नाही, कढीवरचे तेलाचे थेंब जसे सरकत सरकत एकमेकांना जाऊन मिळतात तशी ही कडी एकमेकांकडे पळतात. पण रेणूची दोन टोकं पाणी आवडणारी, एकावर अधिक भार आणि दुसऱ्यावर उणा, ती आपापसात हात धरतात. नॉर्वेतल्या कार्ल हेन्रिक ग्योरबिट्स यांनी 2001 मध्ये एक्स-रे लावून ह्याची रचना काढली, तर सहा-सहा रेणू गोल फेर धरून बसलेले, टोकं आतल्या बाजूला, कडी बाहेर, आणि मधे जेमतेम एक नॅनोमीटरचं भोक, त्यात पाणी. असे फेर एकावर एक चढले की लांबडं काहीतरी होणारच ना? अशी कितीतरी लांबडी शेजारी शेजारी लागली की मोठ्या नळीची भिंत होते, वर चांदी भरली ती ह्या मोठ्या नळीच्या पोकळीत.

गोळ्याचं म्हणशील तर बनतो! फेच्या मण्यातून एक कार्बनचा दुवा कमी केला की फेनिलग्लायसिन होतं, आणि त्या दोन मण्यांना पाण्यात सोडलं तर नळी बनत नाही, गोळेच बनतात. एका दुव्याने एवढा फरक.

आणि नळी करायची ही काही एकच तऱ्हा नव्हे. अमेरिकेत रेझा घादिरी यांनी 1993 मध्ये त्याच्याही आधी वेगळ्याच रस्त्याने केली होती, त्यांनी आठ मण्यांची माळ घेऊन तिची टोकं जोडून टाकली, एक मणी डावा एक उजवा (एकमेकांची आरशातली प्रतिमा) असे आळीपाळीने, म्हणजे झाली सपाट बांगडी. मग बांगड्या एकावर एक बसल्या. कासाराच्या दांड्यावर चुडा लावलेला असतो ना, तसा, फक्त इथे दांडा नसतो.

प्रश्न (एमएस्सीची एक विद्यार्थिनी, इंदूर): इलेक्ट्रोडवर नळ्या टाकल्या, सुकवल्या, मायक्रोस्कोपमध्ये छान दिसल्या. मग एन्झाइम लावायच्या आधी बफरने, म्हणजे आम्लता बदलू न देणाऱ्या द्रावणाने, तीनदा धुतलं. सिग्नल दर वेळी वेगळा येतो, आणि काल परत मायक्रोस्कोपखाली ठेवलं तर नळ्या जवळजवळ नाहीतच. पेपरमध्ये तर लिहिलंय की ह्या उकळल्या तरी टिकतात. सर म्हणतात हात नीट चालव आणि परत कर. चार महिने गेले. माझं काय चुकतंय?

उत्तर: बेटा, तुझा हात ठीक आहे, आणि तुझ्या सरांना हे वाचायला दे. (पहिल्या प्रश्नातल्या आईची मुलगी तू असशील तर घरी एकदा फोन कर, ती जागी आहे.)

पेपर खोटं बोलत नाही, पण तो काय म्हणतो ते नीट वाच. 2006 च्या आसपास जे काम आलं त्यात ह्या नळ्या उष्णता सोसतात असं दाखवलं होतं, ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे जंतू मारायच्या प्रेशर कुकरसारख्या यंत्राच्या, 121 डिग्रीतून निघाल्या तरी शाबूत. त्यावरून सगळ्यांनी समज करून घेतला की ही काहीतरी पोलादी चीज आहे. मग 2011 मध्ये डेन्मार्कच्या एका गटाने साधी गोष्ट करून बघितली, सुकवलेल्या नळ्यांवर ताजं पाणी सोडलं, आणि त्या विरघळून गेल्या. गरम होणं वेगळं आणि विरघळणं वेगळं, नाही का? खडीसाखर पाकात ठेवली तर महिनाभर तशीच राहील, कारण पाक आधीच साखरेने भरलेला, जेवढी सुटते तेवढी परत बसते. तीच साध्या पाण्यात टाकली की गेली. तुझ्या बफरमध्ये एकही फे-फे नाही, तू तीनदा ताजं बफर घालतेस, म्हणजे तीनदा साध्या पाण्यात खडीसाखर बुडवतेस, मग सिग्नल रोज वेगळा येणारच, कारण रोज वेगवेगळ्या नळ्या शिल्लक राहताहेत. ह्या नळ्या नुसत्या धरलेल्या हातांवर उभ्या आहेत, एका फे-फेची दुसऱ्या फे-फेशी पक्की गाठ अशी नाहीच.

त्या डेन्मार्कवाल्यांनी तर ह्या दोषाचाच धंदा केला, सिलिकॉनवर नळ्या पसरवायच्या, आजूबाजूचं सिलिकॉन खरवडून घ्यायचं, आणि शेवटी नळ्या पाण्याने धुऊन टाकायच्या, खाली सिलिकॉनची तार तयार. धुतल्यावर निघून जाणारं झाकण, रांगोळीच्या छापासारखं. म्हणून म्हणते, विरघळणं हा गुन्हा नाही, पण तुला ते नकोय.

मग करायचं काय. सगळ्यात आधी धुवायचं बफर फे-फेने भरून घे, म्हणजे बफरमध्ये जास्तीचं फे-फे टाकून रात्रभर ढवळ, न विरघळलेलं गाळून टाक आणि त्यानेच धू, हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त उपाय आणि तो आधी कर. पण तो धुण्यापुरताच, मोजताना नळ्या बफरमध्येच बसणार आहेत हे विसरू नको. म्हणून दुसरं, गाठ मार: ग्लुटाराल्डिहाइड वापर, चामडं कमावायला वापरतात तेच, ते फे-फेच्या मोकळ्या अमिनो टोकांना (वरचं अधिक भारवालं टोक) पकडतं आणि एन्झाइमलाही पकडतं, म्हणजे एका कामात दोन. जास्त घातलंस तर एन्झाइमच आखडून जाईल, तेव्हा थोडं थोडं वाढवत जा. वरून पातळ पॉलिमरचा थर दिला तर आणखी बरं. आणि तिसरं, सुकवताना घाई म्हणून ओव्हन 150 पर्यंत चढवत नाहीस ना? तिथे फे-फेमधून पाणी निघून जातं आणि रेणू स्वतःचीच टोकं जोडून कडं बनतो, तो मग वेगळाच पदार्थ, परत फिरत नाही. नळी दिसते नळीसारखीच पण अमिनो टोक गेलेलं असतं, मग ग्लुटाराल्डिहाइड धरणार कशाला? मायक्रोस्कोप तुला आकार सांगेल, आत कोण बसलंय ते सांगणार नाही, त्यासाठी एक्स-रे नाहीतर इन्फ्रारेड लागतं. आपल्या गावात आरआरकॅटला, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, एक्स-रे देणारं इंडस-2 हे मोठं यंत्र उभं आहे, आणि सिमरोलला आयआयटीतही पेप्टाइडवर काम करणारी मंडळी आहेत, सरांना सांग एक मेल टाकायला, मेलला पैसे पडत नाहीत.

आता जे कोणी सांगत नाही ते. तुझ्या रिपोर्टमध्ये मी सगळ्यात आधी काय बघीन माहितीय? नळ्यांचा फोटो नाही. मी बघीन की नुसता कोरा इलेक्ट्रोड, नुसत्या नळ्या बिना एन्झाइमच्या, आणि नुसतं एन्झाइम बिना नळ्यांचं, ह्या तिघांचे आकडे शेजारी शेजारी आहेत का. तिसरा आकडा नसला तर नळीने काय दिलं हे तुला कळणारच नाही. मग त्यात व्हिटॅमिन सी टाकून बघ, युरिक ॲसिड टाकून बघ, पॅरासिटामॉल टाकून बघ, हे तिघं रक्तात असतात किंवा असू शकतात आणि पेरॉक्साइड मोजायचा व्होल्टेज लावला की स्वतःच करंट देऊन मोकळे होतात, ग्लुकोजचं नाव लावून. डोकं दुखलं म्हणून गोळी घेतली आणि मीटर म्हणतंय शुगर वाढली, असला सेन्सर कोणाच्या कामाचा? पाण्यात साखर घालून सुंदर सरळ रेघ काढलेले रिपोर्ट मी आयुष्यात शेकड्याने तपासले आहेत, पाण्यात सगळ्यांचंच जमतं.

आणि चार महिने वाया गेले म्हणू नको. धुण्याच्या आधीचा आणि नंतरचा फोटो, किती वेळ धुतलं त्याप्रमाणे सिग्नल किती पडला त्याचा ग्राफ, एवढं तुझ्याकडे आताच आहे, ते पहिलं प्रकरण म्हणून घाल. मी असते तर त्यावरच जास्त मार्क दिले असते, पण मला आता कोण विचारतंय.

प्रश्न (एक आजी, रामबाग, इंदूर): शुगर-फ्रीच्या गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलंय, फेनिलकीटोन्युरिया असलेल्यांनी घेऊ नये. हे काय असतं? मला चालेल का?

उत्तर: आजी, भिंग घेऊन पाकीट वाचणारी तुमच्यासारखी माणसं हवीत. ह्या गोळीत ॲस्पार्टेम असणार. तेसुद्धा दोनच मण्यांचं पेप्टाइड आहे, एक ॲस्पार्टिक ॲसिड आणि दुसरा आपला वरचा फेच, शेपटीला थोडा फरक करून. 1965 मध्ये जेम्स श्लॅटर नावाचे केमिस्ट अल्सरच्या औषधावर काम करत होते, कागद उचलायला बोट चाटलं आणि गोड लागलं, असा त्याचा शोध. लॅबमध्ये बोट चाटायचं नसतं हे वरच्या मुलीसाठी.

फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार आहे, फे पचवणारं एन्झाइमच शरीरात नसतं किंवा नीट चालत नाही, मग फे साठत जातो आणि लहान मुलाच्या मेंदूला इजा करतो. बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासलं तर वेळेत कळतं आणि आहार बदलून सांभाळता येतं. इथे परत आपली नळीवाली मंडळी येतात, 2012 मध्ये गाझित यांच्या गटाने दाखवलं की फे एकटासुद्धा, जोडीदार नसताना, भरपूर साठला तर ॲमिलॉइडसारखे धागे करतो आणि ते पेशींना मारक असतात. म्हणजे चिकटायची खोड त्या एका मण्यातच आहे.

तुम्हाला हा आजार असता तर तो लहानपणीच कळला असता, तेव्हा ती ओळ तुमच्यासाठी नाही. एका वाटी वरणात गोळीपेक्षा कितीतरी जास्त फे असतो आणि तो तुम्ही सत्तर वर्षं पचवताय. फक्त गोळी बासुंदीत उकळायला टाकू नका, उकळत ठेवलं की ॲस्पार्टेम तुटतं आणि गोडी जाते, मग तुम्ही आणखी चार गोळ्या टाकाल. गॅस बंद करा, बासुंदी कोमट होऊ द्या, तेव्हा टाका.